सात सीटची जुनी भारी गाडी: घ्यावी की नको?

  आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण आलिशान गाडीविषयी बोलणार आहोत. बचत गटाच्या बाया आणि आलिशान गाडी, असं वाटेल. पण हा विषय आमच्या बैठकीत आला, त्यावर दोन बैठका गेल्या, थोडे रुसवेफुगवेही झाले. त्यातून आम्ही जे शिकलो ते तुमच्याही कामाला येईल, म्हणून सांगतो.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईने मार्चच्या बैठकीत तीन लाखांचं कर्ज मागितलं. पुण्यात जुन्या गाड्यांच्या बाजारात तिच्या मुलाने एक गाडी पाहून ठेवली होती. विदेशी बनावटीची, डिझेलवर चालणारी, सात सीटची, दहा वर्षं वापरलेली. नवी असताना तिची किंमत साठ लाखांच्या पुढे होती, आता नऊ लाखांत मिळत होती. चामड्याच्या सीटा, वर काचेचं छत, बटण दाबलं की मागचा दरवाजा आपोआप उघडतो. मोबाईलवरचे फोटो बैठकभर फिरले. नऊ लाखांपैकी चार लाख डाळिंबाचे, दोन लाख सोनं गहाण ठेवून आणि तीन लाख गटाचे, असा तिचा हिशेब होता.

आता आमचा गट केवढा? आम्ही बारा जणी. महिन्याला पाचशे रुपये, अशी सहा वर्षं बचत केली, तेव्हा चार लाख बत्तीस हजार जमले. त्यातले तीन लाख एका गाडीत गेले तर जूनमध्ये बियाण्याला, शाळेच्या फीला, कुणाच्या बाळंतपणाला काय उरणार?

तरी आम्ही लगेच नाही म्हटलं नाही. कारण ताईची मागणी नुसत्या हौसेची नव्हती. तिचं घर आठ माणसांचं. सासू-सासरे, ती आणि दाजी, दीर-जाऊ, दोन मुलं. गेल्या वर्षी जावेच्या भावाच्या लग्नाला हे सगळे छोट्या हत्तीतून गेले. सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी आणि बाकीचे मागे हौद्यात उभे. मांडवात उतरले तेव्हा नव्या साड्यांवर धुळीचा थर होता आणि लोक बघत होते. हे सांगताना ताईचा आवाज बदलला. आमच्यातली एकही बाई तेव्हा हसली नाही. प्रत्येकीला आपापला हौदा आठवला.

म्हणून आम्ही ठरवलं, ताईच्या इच्छेवर वाद घालायचा नाही, गाडीवर बोलायचं. ठराव वहीत चार प्रश्न लिहिले आणि ताईलाच सांगितलं, उत्तरं तू घेऊन ये.

पहिला प्रश्न: जादा सीटा वर्षातून किती दिवस लागणार?

ताईने भिंतीवरचं गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. दुधाचा हिशेब, लग्नं, दवाखाना सगळं त्यावर लिहिलेलं असतंच. सगळं घर मिळून बाहेर पडलं ते दिवस मोजले. शिखर शिंगणापूरची यात्रा, जेजुरी, पंढरपूर, पाच लग्नं, दिवाळीचे माहेरचे दोन दिवस आणि सासऱ्यांच्या ऑपरेशनला साताऱ्याला गेले तो दिवस. एकूण अकरा दिवस. बाकी वर्षभर दाजी मोटारसायकलवर आणि ताई एसटीने. एसटीत आपल्याला १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही.

मग गावातल्या सात सीटच्या भाड्याच्या गाडीचा दर काढला. ड्रायव्हर, डिझेल धरून दिवसाला साडेचार हजार. अकरा दिवसांचे झाले साडेएकोणपन्नास हजार. ही रक्कम वहीत ठळक लिहून ठेवली. शिवाय मोजता मोजता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गाडी सात सीटची आणि घरात माणसं आठ! एवढे पैसे घालूनही एकजण मोटारसायकलवरच येणार होता.

दुसरा प्रश्न: घेतल्यावर वर्षाला किती खाणार?

आजच्या बोलण्यातला हा मुख्य मुद्दा आहे, नीट ऐका. गाडी जुनी होते तसा तिचा भाव उतरतो, पण तिचा खर्च उतरत नाही. साठ लाखांची गाडी नऊ लाखांना मिळाली तरी तिचा पार्ट साठ लाखांच्या गाडीचाच लागतो. दुभत्या म्हशीसारखंच आहे. आटत आलेली म्हैस स्वस्तात मिळाली, म्हणून ती वैरण कमी खात नाही.

ताईने साताऱ्याच्या एका जाणत्या फिटरला आकडे विचारले. विमा चाळीस हजार. एक सर्व्हिसिंग पस्तीस हजार, कारण साध्या गाडीला साडेतीन-चार लिटर ऑइल लागतं तिथे अशा मोठ्या इंजिनला सात-आठ लिटर लागतं, तेही महागातलं. चार टायरांचा संच ऐंशी हजार. तो तीन वर्षं चालला असं धरलं तर वर्षाचे सत्तावीस हजार. बेरीज झाली एक लाख दोन हजार. यात डिझेल नाही, व्याज नाही आणि बिघाड तर मुळीच नाही. हे दर जागोजागी वेगळे असतील, तुम्ही आपल्याकडे विचारा. पण विचारल्याशिवाय गाडी घेऊ नका.

इंधनाचंही तसंच. महिन्याला आठशे किलोमीटर धरले आणि मोठ्या गाडीने लिटरला दहा दिले, तर ऐंशी लिटर लागतं. साध्या सात सीटच्या गाडीने सोळा दिले, तर पन्नास लिटरमध्ये भागतं.

विम्यातही मेख आहे. पंधराशे सीसीच्या वरच्या इंजिनला थर्ड पार्टी विम्याचा हप्ता त्याखालच्या गाडीच्या दुपटीहून जास्त असतो. आणि अपघात झाला की नुकसान भरपाईतून घसारा कापतात. रबराच्या, प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली असेल तर लोखंडी पार्टचेही निम्मेच. पूर्ण भरपाई देणारा झिरो डेप विमा सहसा नव्या गाड्यांनाच मिळतो. म्हणजे लाखाचा दरवाजा बदलायचा तर पन्नास हजार घरातून काढायचे.

आणि व्याज? आमच्या गटाचा दर महिन्याला दीड टक्का. तीन लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याजच साडेचार हजार. एक जण पटकन म्हणाली, "अगं, ह्या व्याजातच महिन्याला एक दिवस भाड्याची गाडी येती की!"

तिसरा प्रश्न: बसणाऱ्या माणसाला बसता येतं का?

फोटोत सीटा छान दिसतात. म्हणून आम्ही ताईला म्हटलं, सासूबाईंना बरोबर ने आणि मागच्या रांगेत बसवून बघ. ताई खरंच त्यांना पुण्याला घेऊन गेली. गाडी उंच, पायरी गुडघ्याच्या वर. सासूबाईंचे गुडघे दुखरे. दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. मधली सीट वाकवून मागे जायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ह्येच्यात मला चढवाय आणि एक गाडी आणावी लागंल."

कोणतीही सात सीटची गाडी पाहताना हे करूनच बघा. बऱ्याच गाड्यांत तिसऱ्या रांगेची सीट जमिनीलगत असते, गुडघे छातीशी येतात. तिथे मुलं बसतात, मोठी माणसं तासाभरात कंटाळतात. तिसरी रांग उघडली की मागे सामानाला जागा उरत नाही, मग यात्रेचं बोचकं कुठे ठेवणार? मागच्या रांगेला एसीचा झोत येतो का, प्रत्येक सीटला पट्टा आहे का, तो निघतो आणि लागतो का, हेही बघा. मागच्या सीटवरही पट्टा बांधणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुलं तिथेच बसणार असतात.

चौथा प्रश्न: गाडी आतून कशी आहे आणि कागद कुणाच्या नावावर आहेत?

गाडी बघायला सकाळी जायचं, आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका असं सांगून जायचं. थंड इंजिन चालू करताना कसा आवाज येतो, किती धूर निघतो, त्यावरून फिटरला पुष्कळ कळतं. फिटर आपला न्यायचा, विकणाऱ्याने आणलेला नको. आजकालच्या गाड्यांना मशीन जोडून आत कोणते दोष नोंदले गेलेत ते वाचता येतं. भारी गाडीला ही तपासणी केल्याशिवाय हात लावायचा नाही.

काही गोष्टी आपल्याला स्वतःलाही बघता येतात. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसतात, पण ब्रेकच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालंय आणि स्टिअरिंगचं चामडं घासलंय, तर मीटर मागे फिरवला असण्याची शंका घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागा. प्रत्येक नोंदीत किलोमीटर लिहिलेले असतात, ते क्रमाने वाढत गेलेले दिसले पाहिजेत.

आपल्या भागात पुरात बुडालेल्या गाडीचंही भान ठेवायला हवं. २०१९ आणि २०२१ साली सांगली-कोल्हापूरकडे केवढं पाणी आलं ते आपण पाहिलंय. बुडालेली गाडी धुऊन पुसून दूरच्या बाजारात येते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ राहते. पायाखालचं मॅटिंग उचला, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का बघा, काचा बंद करून वास घ्या. भारी गाडीत तारा आणि छोटे कॉम्प्युटर जागोजागी असतात. पाणी गेलं की ते एकेक करून वर्षभर त्रास देतात.

डिझेलची नव्यातली गाडी, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची बीएस सहा पाहत असाल, तर आणखी एक. या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज घर ते डेअरी आणि डेअरी ते घर एवढंच चालवलं तर तो तुंबतो, आणि बदलायचा खर्च मोठा असतो.

आता कागद. इथे आमचीच फजिती सांगतो. चार वर्षांपूर्वी गटाच्या मसाल्याच्या धंद्यासाठी आम्ही जुना पिकअप घेतला. पैसे दिले, किल्ली घेतली, नारळ फोडला. नंतर कळलं की आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा तसाच होता. गाडी आमच्या नावावर व्हायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत रस्त्यावर पोलीस दिसला की आमच्या पोटात गोळा यायचा. म्हणून आता आम्ही हे पाठ केलंय:

पैसे देण्याआधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायचं. गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा कधीपर्यंत आहे, बोजा आहे का, ते कळतं. थकलेले ई-चलनही तपासायचे. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी आकड्याला आकडा जुळवायचा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात घ्यायचा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सह्या करताना कोरा फॉर्म कुणाला द्यायचा नाही. गाडी नावावर करण्याचा अर्ज घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत करायचा असतो. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. आधीच्या मालकाची नो क्लेम बोनसची सूट आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते.

परराज्यातली गाडी फार स्वस्त दिसली तर कारण विचारा. हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध घातले, २०१८ साली सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. तेव्हापासून तिकडच्या कितीतरी भारी गाड्या दुसऱ्या राज्यांत विकायला निघाल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८ लागतो, बारा महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. मोठ्या गाडीचा टॅक्सही मोठा. शिवाय खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं. दहा वर्षांची गाडी घेतली तर पाचच वर्षं राहतात. पुढे पुन्हा तपासणी, पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर.

ताईच्या मुलाने यावर एक तोड काढली होती. "गाडी लग्नसराईत भाड्याने लावू, हप्ता सुटेल." ऐकायला बरं वाटतं. पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. त्यासाठी परमिट लागतं, पिवळी पाटी लागते, विमाही वेगळा लागतो. तसंच चालवलं आणि पकडलं तर दंड आहेच. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि मग ते देणं थेट घरावर येतं.

शेवटी फिटरने गाडी तपासली. गिअर बॉक्सचा दोष मशीनवर दिसला. आणि हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनची पुढची डावी बाजू रात्रभरात खाली बसत होती. सकाळी गाडी एका कुशीवर वळलेल्या बैलासारखी उभी होती. दुरुस्तीचा अंदाज निघाला पावणेदोन लाख. डीलर म्हणाला, किरकोळ आहे. आम्ही म्हटलं, किरकोळ आहे तर करून द्या. तो विषय तिथेच संपला.

एप्रिलच्या बैठकीत गटाने कर्जाला नाही म्हटलं. ताई रागावली. पुढच्या बैठकीला आली नाही, बचतीचे पाचशे मुलाच्या हाती पाठवले. आम्हीही तिच्या घरी गेलो, चहा घेतला आणि एक गोष्ट सुचवली. गाडीचा हप्ता आधी स्वतःलाच भरून बघ. महिन्याला आठ हजार, पोस्टात आरडी. सहा महिने न चुकता भरलेस तर गट साध्या, निरोगी सात सीटच्या गाडीला दीड लाख देईल, आणि गाडी बघायला आम्ही तुझ्याबरोबर येऊ.

जुनी भारी गाडी घेऊच नये, असं आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा सहा-सात माणसांना खरंच प्रवास असेल, त्या गाडीचा जाणता फिटर तालुक्यात किंवा जिल्ह्यात असेल, पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसच्या नोंदी मिळत असतील, कागद स्वच्छ असतील, आणि गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येत असेल, तर जरूर घ्या आणि पहिली देवदर्शनाला न्या. नऊ लाखांच्या गाडीला हा पाचवा हिस्सा एक लाख ऐंशी हजार होतो. तेवढे बाजूला ठेवता येत नसतील, तर ती गाडी नऊ लाखांतही आपल्याला परवडणारी नाही. आणि सोनं गहाण ठेवून तर घेऊच नका. सोनं अडीनडीला लागतं, आणि गाडी घेतली की अडीनडी वाढतात.

ताईने मे महिन्यापासून आरडी सुरू केली. दोन हप्ते भरले. जुलैमध्ये डाळिंबावर तेल्या पडला, फवारणीतच पैसे गेले, तिसरा हप्ता चुकला. पोस्टाने थोडा दंड लावला, पुढच्या महिन्यात तिने दोन्ही हप्ते एकदम भरले. परवा बैठकीत ती स्वतःच म्हणाली, "ती गाडी दारात असती तर ह्या तेल्यात माझं गंठण गेलं असतं."

यंदा पुतणीच्या साखरपुड्याला तिने गावातलीच सात सीटची गाडी भाड्याने सांगितली होती. सासूबाई पुढे बसल्या, मुलं मागे. दीर आपला मोटारसायकलवर मागून आला. साड्यांवर धूळ नव्हती. आरडीचे अजून दोन हप्ते राहिलेत. ते भरून झाले की आम्ही सगळ्या गाडी बघायला जाणार आहोत. फिटर आपलाच नेणार, आणि सासूबाईंनाही नेणार.

तुमच्या घरात अशी काही मोठी खरेदी चालली असेल, तर कॅलेंडर काढा, वही काढा आणि गटाच्या बैठकीत मांडा. काही अडलं तर पुढच्या मंगळवारी आम्ही आहोतच इथे.